टाकीवरचं नाव

प्रणोतीनं फोटो पाठवला, नेब्रास्कातल्या तिच्या गावाचा.
एकच रस्ता, हजामाचं बंद दुकान, मक्याचं कोठार
आणि चार पायांवर पाण्याची टाकी.
टाकीवर गावाचं नाव, माणसाएवढ्या अक्षरांत.
"मामा, इथले रूळ कधीच उखडले.
स्टेशनात आता गोधड्यांचं प्रदर्शन असतं."

मी मनमाडचा.
वर्कशॉपात छत्तीस वर्षं गर्डर ठोकले
न पाहिलेल्या पुलांचे.
इथे लोक गाडी बदलतात.
फलाट विचारतात, चहा विचारतात,
गाव कुणी विचारत नाही.
जिल्हा नाशिक, पण ते पत्त्यापुरतं;
गोदावरी तिकडे,
आमच्याकडे अठराव्या दिवशी नळ.
तोवर पिंप, कळशी, तपेली,
देवापुढचं फुलपात्रसुद्धा हिशोबात.

तिला कळवलं : रूळ आहेत, हवे तेवढे.
टाकीही आहे.
तिच्यावर नाव लिहायचं कुणाला सुचलं नाही.

ती म्हणाली, शाळा संपली की पोरं निघून जातात इथली,
जायच्या आदल्या रात्री
टाकीवर चढून आपापलं नाव लिहितात.
नगरपालिका दरसाल रंग देते.

तेव्हा आठवलं.
त्र्याण्णव साल, इन्स्पेक्टर जेवायला गेलेला,
एका गर्डरच्या आतल्या अंगाला
पंच धरून मी ठोकलं होतं,
माझं नव्हे, गावाचं नाव.
'ड' जरा तिरका आला.
कुठल्या नदीवर गेला तो, कोण जाणे.
खाली पाणी असेल. असावं.

आज सतरावा दिवस.
पिंप घासून पालथं घातलंय.