परतीचं भाडं

किलोमीटरला तेरा. दिवसाला तीनशे तरी धरायचे.
टोल वेगळा, महाराष्ट्राचं परमिट वेगळं,
भत्ता चारशे, मुक्काम पडला तर पाचशे.
आणि तुम्ही पुण्यात उतरलात तरी
परतीचं द्यावं लागतंय, अक्का.
गाडी काय तिथं ऱ्हात न्हाई.
नेमण्णानं फोनवर एका दमात सांगितलं,
मग विचारलं, माणसं किती?

एक मी, म्हटलं. एक रांजण.

मागल्या साली दोन पाठवले होते ट्रकनं.
पोचली ती खापरं,
पेंढ्यात नीट गुंडाळलेली.

पहाटे चारला खानापुरात दारापुढं पांढरी डिझायर,
मागच्या काचेवर एक ओळ कन्नड, एक मराठी,
दोन्हींत त्याच्या मुलीचंच नाव.
रांजण दोघांनी मिळून आत घेतला,
आधी बूड, मग पोट, तोंड सगळ्यात शेवटी.
मी पट्टा ओढायला लागले तसा तो म्हणाला,
पोटावरनं नको. खालनं घ्या.
बायकोला असंच नेलं हुतं सिव्हिलला.

देसूरपर्यंत प्रत्येक उंचवट्याला
निधान, निधान, असं पुटपुटत राहिला.
गाडीशी कन्नडात, माझ्याशी मराठीत.
रांजणाशी काही बोलला नाही,
आरसा मात्र त्याच्याकडं वळवून ठेवला होता.

काकती गेलं. वंटमुरीचा घाट उतरलो,
आणि सपाटीला लागल्यावर
काच थोडी खाली होती म्हणून असेल,
मागून आवाज आला.
खोल. एकच सूर.
लांबच्या विहिरीत कुणी तरी
हाक मारून वाट बघत थांबल्यासारखा.

नेमण्णानं रेडिओ बंद केला.
पन्नासला आवाज नाही. सत्तरला नुसता वारा.
बासष्टला लागला तो बरोबर.
मग संकेश्वर येईस्तोवर काटा बासष्टवर,
ट्रकवाले हॉर्न मारून, शिव्या देऊन पुढं जात होते
आणि आम्ही तिघं डाव्या कडेनं.
सोळा वर्षं चाक फिरवतोय मी, म्हटलं त्याला.
मीबी सोळाच, म्हणाला.
पुढं काय बोलायचं ते दोघांनाही सुचलं नाही.

कोगनोळीला कागद भरला. प्रवासी: दोन.
खिडकीतल्या पोरानं वाकून पाहिलं.
आत काय हाय?
काही नाही.
तरी बाहेर आला, तोंडातून बॅटरी मारली,
बराच वेळ बघत राहिला.
काही न्हाई, म्हणाला, आणि शिक्का दिला.

पुण्यात त्यांनी तो जिन्याखाली ठेवला.
आत दिवा सोडणार होते.
चेक दिला, सरबत दिलं,
नेमण्णाला बाहेरच.

मला एसटी स्टँडला सोड, म्हटलं.
त्यानं माझ्याकडं असं पाहिलं
जणू मी हिशेबात चुकले.
परतीचं दिलंय न्हवं? मग बसा की.
म्हणजे मी मलाच पैसे भरून घरी आणलं.

सूर्य बुडायच्या आत त्याला जेवायचं असतं,
त्यांच्यात रात्री खात नाहीत.
कराडच्या अलीकडं बांधावर बसून
त्यानं दोन भाकऱ्या घाईनं संपवल्या,
तिसरी माझ्या हातावर ठेवली.

निपाणीत रात्री तंबाखूचा वास आला, काचा उघड्याच होत्या.
तवंदीचा घाट चढून उतरलो.
पुढं रस्ता मोकळा, सरळ,
आणि काटा कुणी न सांगता बासष्टवर येऊन थांबला.
मी मागं वळले नाही.
त्यानं आरसा हलवला नव्हता.

खानापुरात उतरताना बघितलं,
मागच्या सीटवर तांबडं गोल वळ,
परातीएवढं.
पदरानं पुसायला वाकले.
ऱ्हाऊ दे, अक्का.
उद्या हुबळीचं भाडं हाय, चार माणसं.
बसतील तशीच.