पाळी

गुनवोर लांटोच्या भाषेत
या शब्दाचे दोन अर्थ होत नाहीत.
आपल्यात होतात,
आणि तिच्या दोन्ही पाळ्या बिघडल्यात.

किरुना. आर्क्टिकच्या रेषेपल्याडचं लोखंडाचं गाव.
मध्यरात्र उलटली की जमिनीखाली सुरुंग उडतात,
कपाटातल्या बश्या एकमेकींशी एवढंसं बोलतात
आणि गाव कूस बदलतं.
गुनवोर तेव्हा वर, सातव्या मजल्यावर,
सहा पडद्यांपुढे.
खालचा धूर निवळेपर्यंत तिची यंत्रं थांबलेली.
यंत्रं थांबली की भूक लागते.
म्हणजे बावीस वर्षं ती त्याला भूकच म्हणत आलीय.

दालचिनीचा बन.
रात्री तीन वाजता माणसाशी इतकं मऊ
दुसरं कोण वागतं?

पण स्वादुपिंड पहिल्यापासून दिवसपाळीचं.
दिवा मालवून निजलेलं.
दारात साखर येऊन उभी:
कोण? इतक्या रात्री?
उठतं बिचारं, चाचपडत कडी काढतं,
एकाला आत घेतं, चौघांना बाहेर विसरतं,
आणि ते चौघे मग पहाटेपर्यंत
रक्ताच्या गल्ल्यांतून
पत्ता विचारत हिंडतात.

आरोग्यकेंद्रात सिस्टर राउनीनं कंबर मोजली,
टेप गार होती.
तीन महिन्यांची सरासरी वाचली:
'काठावर आहे.'
गुनवोर हसली. गणितातही ती काठावरच सुटायची.
'रात्रपाळीनं होतं का हे?'
'होईलच असं नाही. होऊ शकतं.'
एस्कीलचं बघा, म्हणाली गुनवोर,
तोच बन, तीच रात्र, त्याच्या पलीकडच्याच खुर्चीत मी,
त्याची साखर शहाण्या मुलासारखी.
राउनीनं खांदे उडवले.
तीही आदल्या रात्री ड्यूटीवर होती.

मग सल्ला: जड जेवण मध्यरात्रीआधी.
आणि झोपायचं ते गडद अंधारात.

जून महिना होता.
दोघींनी एकदमच खिडकीकडे पाहिलं.
बाहेर सूर्य, न मावळणारा,
निरोप घेऊनही दारातच बोलत राहिलेल्या पाहुण्यासारखा.
इथे रात्रीच्या बारालाही ऊन असतं, दुपारच्या बारालाही;
शरीराला उमजतच नाही
आपले नेमके कुठले बारा वाजलेत.

'होऊ शकतं' मधलं 'शकतं'
तिनं घरापर्यंत चालत नेलं.
खिडक्यांना चांदीचा कागद लावला,
तोच, ज्यात एरवी मासा भाजते.
आत निजली. भाजली नाही, एवढंच.

दुसरी पाळी गेल्या वर्षी थांबली.
कुणाला चार्ज दिला नाही,
वहीत सही नाही,
तिच्या जागी कुणी आलंही नाही.
तेव्हापासून कमरेवर वस्तीला आलेली ही चरबी
दिवसपाळीची की रात्रपाळीची,
वयाची की बनाची,
राउनीकडे याचं यंत्र नाही.

आता साडेदहालाच ती डबा उघडते:
उकडलेलं अंडं, राईची भाकरी, गाजरं.
गाजराचा आवाज सगळ्या खोलीभर होतो.
'ससा आला कामावर,' एस्कील म्हणतो.
ती त्याच्याकडे बघत आणखी एक मोडते.

मग सुरुंग. मग धूर.
मग तीन वाजतात, आणि ते येतं,
ज्याला ती भूक म्हणायची,
आता नाव शोधतेय.

स्वेटरवरूनच पोटावर हात ठेवते,
ताप उतरलेल्या मुलाच्या अंगावर ठेवतात तसा:
नीज.
आपल्यातलं एक तरी निजू दे.

बन ड्रॉवरमध्ये आहे.
ड्रॉवर पूर्ण लागलेला नाही.