मानशीचं दार

आमच्या मांदुरात मानस म्हणजे मन नव्हे.
खाजनाच्या बांधात बसवलेलं लाकडी दार ते,
भरतीला आपसूक मिटणारं,
ओहोटीला आपसूक उघडणारं.
त्या वर्षी पावणीत ती पपांनी घेतली होती.
पेट्रोमॅक्स घेऊन रात्री जाळं लावायला जात,
पहाटे सुंगटं घेऊन येत,
कधी नुसतेच येत.

नुसतेच येत तेव्हा भांडी वाजत.

सुलक्षा दहावीत होती, मी पाचवीत.
आई कढी आणायला वळली
की तिच्या ताटातला बांगडा माझ्या भातात शिरायचा,
मागोमाग तिचा अर्धा भात.
बोलायचं नाही, हे ठरलेलं.
मोबदल्यात ती माझी गणितं सोडवायची,
एकही खाडाखोड नसलेली.
सगळे म्हणत, धाकटा बरा जेवतो.
मावशीने गाल ओढला.
मी फुगत गेलो, आणि ती
मी पाहिलं नाही.
मला बांगडा आवडायचा.

सोमवार तिने आधी धरला. मग गुरुवार.
मग संकष्टी, एकादशी, श्रावण सगळाच.
आई शेजारी सांगत सुटली, पोरीला देवाचं वेड.
देवाने कधी कुणाचं ताट तपासलंय?
चतुर्थीला तिने पातोळीचं हळदीचं पान उलगडलं,
हुंगलं,
कडेला कड जुळवून पुन्हा मिटलं,
पत्ता चुकलेलं पत्र परत पाठवावं तसं.

आधी कळलं ते एस्परांसाला.
शाळेच्या स्कर्टची कंबर तिसऱ्यांदा आत घेताना
तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.
टेप गळ्यात तसाच.
म्हणाली, बाय, आता कापडच उरेल.
सुलक्षा हसली.
ते हसू मी ओळखतो,
पैकीच्या पैकी मिळाल्यावरचं.

अमावास्येच्या भरतीला बांध फुटला.
शेतात खारं पाणी, पावणीचे पैसे गेले.
पपा दोन दिवस बोलले नाहीत,
तिसऱ्या रात्री इतकं बोलले
की आईने खिडक्या लावून घेतल्या.
सुलक्षा न्हाणीपाशी केस विंचरत उभी.
फणी भरून केस.
माझं काही वाहून जात नाही, म्हणाली,
मला नव्हे, फणीला.

त्या घरात एकच जागा तिच्या हुकमातली होती,
पितळी ताटाएवढी, गोल.
हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी
तिच्या राज्याचा चोरवाटेचा हमाल होतो.

बांबोळीला पपांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं,
पोटात काय निघालं?
त्या म्हणाल्या, पोटात काहीच नाही, तेच तर.
बाहेर बाकावर बसून पपा मला म्हणाले,
मानशीचं दार खिळे मारून बंद ठेवलं
तर दार टिकतं रे, बांध जातो.
ते बांधाबद्दलच बोलत होते.
दुसरं काही त्यांना बोलता यायचं नाही.

आता ती फोंड्याला असते,
पतसंस्थेचे हिशेब तपासते.
जेवते. घास मोजत असावी,
मी विचारत नाही.
गेल्या रविवारी आली. उकडा भात, हुमण.
बायको कढी आणायला वळली
आणि सुलक्षाचा हात, जुन्या वाटेने,
बांगड्याचा तुकडा घेऊन निघाला.

मी ताटावर पंजा पालथा ठेवला.

हात मध्येच थांबला.
पंख्याचा आवाज, बाहेर बसचा हॉर्न.
हुमणाचा एक थेंब तिच्या बोटावरून
टेबलावर पडला, लाल.
तुकडा तिने आपल्या ताटात परत ठेवला,
होता तिथेच, शेपटीकडून शेपटीकडे.
बायको आली. काय झालं?
काही नाही, गरम आहे,
सुलक्षा म्हणाली
आणि बोट तोंडात घातलं.