चौथी रांग, मधोमध

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला फुलं दिली नाहीत,
दोन तिकिटं दिली. चौथी रांग, मधोमध.
एकतीस वर्षं मी त्या ऑपेराघराच्या पोटात होते,
इस्त्रीच्या वाफेत,
आणि जे पाहिलं ते विंगेतून, कडेनं:
मरणाऱ्या राणीची पाठ,
पाठीवरचे अठरा हुक.

आता समोरून बघायचं. पण काय घालून?

आठवडाभर कपाट उघडं आहे.
काळा ड्रेस सासूच्या दफनाला घातला, मग नणदेच्या नवऱ्याच्या,
मग तळमजल्यावरच्या एत्तोरेच्या.
त्याला धुपाचा वास कायमचा चिकटलाय.
तो घालून गेले तर मध्यंतरात
कुणीतरी येऊन सांत्वन करील.
हिरवा, मुलीच्या लग्नातला. तो मला होत नाही,
खरं म्हणजे मी त्याला होत नाही.
चंदेरी टिकल्यांचं जॅकेट फुल्वियानं आणून टाकलं,
"घाल गं, एक दिवस तरी चमक."
आरशात पाहिलं:
बर्फावर मांडून ठेवलेला बांगडा.

मला कापड कळतं, हीच पंचाईत.
राणीचा मखमली झगा जुन्या पडद्यातून निघाला,
तो पडदा मीच उसवला होता.
माणकं काचेची, मागून लाल शाई.
वीस फुटांवरून सगळं खरं दिसतं.
पण चौथ्या रांगेत बसलेल्या बाईला
वीस फूट कोण देणार?

शनिवारी पाच वाजता लिविओ आला,
सुटाची पँट दोन्ही हातांनी धरून.
बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर.
"वरून कोट आहे की," म्हणाला, "कुणाला दिसणार?"
"मला."
आणि बसले खिडकीपाशी.
मागची शिवण उसवली, आत बोट घातलं.
भरपूर माया होती.
जुने शिंपी सोडायचे. कुणाच्या पोटाचं काय होईल
हे त्यांना आधीच माहीत असायचं.
हल्लीच्या कपड्यांत बोट घालून बघा,
धागा लागतो, माया लागत नाही.

चार बोटं सोडली, टीप मारली, इस्त्री फिरवली.
त्यानं श्वास आत न घेता बटण लावलं
आणि लहान मुलासारखा स्वतःभोवती फिरला.
तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती
आणि मी घरातल्या निळ्या झग्यात.

मग काय. वरून लांब कोट, गळ्यापर्यंत बटणं.
बाहेर बोरा सुटलेला, डोंगरावरून समुद्राकडे.
त्रिएस्तेत तो वारा कुणाला नीटनेटकं राहू देत नाही,
मोठ्या गाड्यांतून उतरणाऱ्या बायकाही
केस धरून, कठड्याला धरून चालल्या होत्या.
मला जरा बरं वाटलं.

कोट ठेवायच्या खिडकीत ओंदिना.
"दे."
"नको, थंडी वाजते."
"आत भट्टी आहे, नेरिना."
"असू दे."

पहिला अंक मी घामात ऐकला.
दुसऱ्यात राणीनं शाप द्यायला हात वर केला
आणि मला तिची काख दिसली.
गेल्या नोव्हेंबरात तिथं झगा फाटला होता,
दोन प्रवेशांच्या मध्ये, अंधारात,
तपकिरी दोरा संपला म्हणून मी निळ्यानं शिवला होता.
"उद्या बदलते," म्हटलं होतं.
निळाच आहे अजून.
समोरून काही दिसत नाही.
काही म्हणजे काहीच नाही. आठशे माणसं
त्या हाताकडे बघत होती, श्वास रोखून.
लिविओचे डोळे भरले होते,
पँट टिकून होती.

मी वरचं एक बटण काढलं.
मग दुसरं. मग सगळीच.
शेजारी मोत्यांची दुपदरी माळ घातलेली बाई होती,
तिनं हळूच वळून माझ्या गळ्याकडे पाहिलं.
मीही पाहिलं.
मोजायची टेप. पिवळी.
घाईत काढायची राहिलेली, दोन्ही टोकं छातीवर समान.

तिनं पुन्हा रंगमंचाकडे पाहिलं.
मी टेप तशीच राहू दिली.