सरकार झालेली कपिला

अकरावी ब, कारेलीबाग. जेवणानंतरचा तास.
फळ्यावर लिहिते : आधुनिक करार.
सांगते, कॅनडात मूळच्या लोकांनी
सरकारसमोर वीस-वीस वर्षं बसून
नदी, मासे, जंगल, भाषा
एकेक कलमात उतरवून घेतली.
मागून प्रश्न : परीक्षेत येणार?

मग खेळच मांडला.
डावे बाक मूळनिवासी, उजवे सरकार,
मधे शाळेचं मैदान, चिंचेसकट.
कपिला राठवा, कवांटकडची,
वसतिगृहात राहते, जूनपासून गप्प.
चिठ्ठीत तिला सरकार आलं.

अद्वैत चासकर अर्ज घेऊन गेला :
चिंच आमची, सावली आमची,
आम्ही इथे बालवाडीपासून आहोत.
कपिलानं नसलेला चष्मा नाकावर सारला.
"पुरावो?"
तो म्हणाला, आम्हाला सगळे ओळखतात.
"त्रण नकल. नकाशो. सरपंचनी सही.
साहेब मिटिंगमां छे.
मंगळवारे आवजो."

वर्ग हसून लोळला.
मीही हसले,
आणि थांबायला मला जरा उशीर झाला.

पुढचे तिघे गेले. तिघांनाही मंगळवार.
कुणीतरी विचारलं, कुठला मंगळवार?
ती कागदावरून मान वर न करता
पान उलटत राहिली. पान कोरं होतं.

घंटा झाली. बाकं वाजली.
फळा पुसताना ती माझ्याजवळ येऊन म्हणाली,
आजा मला सोबत न्यायचा, बाई.
त्याला वाचता येत नव्हतं.
मी पाचवीत होते.

'आधुनिक' पुसून झालं होतं.
करार पुसायचा राहिला होता.
दाराशी अद्वैत अजून उभा,
अर्ज कुणाकडे द्यायचा, विचारत.