नग एक

स्टोअरचे मुळीक नो-ड्यूजच्या फॉर्मवर बोट ठेवतात.
बाकी सगळं आलं मॅडम.
दोन स्टुलं, टेबलफॅन, कपाटाच्या किल्ल्या.
एवढंच राहिलंय:
काचेचा सापळा, नग एक, सन ब्याण्णव.
जमा करा, लगेच सही देतो.

मी म्हणते, तो चालू आहे.

रणपिसेंनी फुंकला होता तो,
सॅम्युएल रणपिसे, तळमजल्यावर, ज्योतीपाशी तीन दिवस.
रविवारी ते क्वार्टर गेटच्या चर्चमध्ये ट्रंपेट वाजवत.
फुंकर कुठं थांबवायची ते इथं शिकले की तिथं,
विचारायचं राहून गेलं.
गळती सापडेना की मी वही घेऊन बसायची,
ते दिवे घालवून
ठिणगीची कांडी काचेवरून सावकाश फिरवायचे.
छिद्र असेल तिथं ठिणगी आत वळते.
हं, म्हणायचे, बघा, इथं.
आणि मी वही मिटायची.

त्यांनी आत सोडलेला श्वास
मी एकतीस वर्षं बाहेर काढतेय.
ते जाऊनच आता बारा झाली.

आई विचारायची, दिवसभर करतेस काय?
हवा काढते.
आणि मग?
मग उरलेली काढते.
कर्वेनगरच्या गॅलरीत तांदूळ निवडताना
तिचा हात थांबला:
काही नसण्याचा पगार देतं का गं सरकार?

प्रश्न तसा छोटाच होता.
वायूचा एक रेणू येऊन धातूवर टेकतो,
तो किती वेळ टेकतो?
त्यासाठी आधी बाकीच्यांना घालवायचं.
आणि पुण्यात गुरुवारी पाणी बंद.
पाणी नाही तर पंप तापतो, तेलाची वाफ उलटी चढते,
म्हणून बुधवारी संध्याकाळी सगळं थांबवायचं,
शुक्रवारी पुन्हा पहिल्यापासून.
ज्या शहरांत मोठे शोध लागतात
तिथं गुरुवार नसावेत.

शहाण्णवच्या मेमध्ये मी टँकर मागवला,
स्वतःच्या पैशांनी.
(बिल अजून मंजूर व्हायचंय.)
सोळा दिवस निर्वात टिकला.
रात्री पाषाण रस्त्यावर एकही रिक्षा नसायची,
मी पेनाच्या आलेखाशेजारी सतरंजी टाकून झोपायची,
पेनाची खरखर थांबली की जाग यायची.
आकडा मिळाला, तिसऱ्या दशांशापर्यंत.
जर्नलचं उत्तर आलं:
काम चोख आहे, परंतु चारच महिन्यांपूर्वी
जपानमधल्या एका गटाने हेच.
त्यांचा आकडा काढून पाहिला.
तिसऱ्या दशांशापर्यंत तोच.
इतक्या लांब, न ठरवता, तोच!
मला आधी आनंदच झाला,
हे मी इंटरव्ह्यू बोर्डाला सांगून बसले
आणि बढती पुढच्या वर्षावर गेली.
मग त्याच्याही पुढच्या.

मुळीक म्हणतात, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नाही लिहिता येत.
बावीस वर्षांत पहिल्यांदा जिना चढून वर येतात.
हुमेरा बागवान नायट्रोजन ओततेय सापळ्याभोवती,
पांढरं धुकं फरशीवरून येऊन
मुळीकांच्या चपलांवर बसतं.
ते एक पाऊल मागे घेतात, मग वाकून बघतात.

आत काय आहे?
काही नाही.
म्हणजे काहीच नाही?
अगदीच तसं नाही. थोडं राहतंच.

ते विचार करतात. रजिस्टर गुडघ्यावर धरून
शेऱ्याच्या रकान्यात लिहितात:
रिकामा, चालू स्थितीत. बागवान यांजकडे वर्ग.
चौतीस वर्षांत माझ्या कामाबद्दल
ऑफिसनं लिहिलेलं पहिलं बरोबर वाक्य.
मी सही केली. हुमेरानं केली, हातमोजा काढून.

जिन्यात आठवलं, आज बुधवार.
सांगायचंच राहिलं म्हणून परत वर गेले.
हुमेराची पाठ माझ्याकडे होती.
तिनं झडप अर्धी बंद करत आणली होती
आणि कान देऊन
पंप हळूहळू थांबताना ऐकत होती.