कोणी दिला

जिमखान्याच्या कपाटात, फाटक्या पॅडांच्या खाली
सापडली एकदाची ती वही.
सरांचा फोन सकाळीच आला होता:
"अरे, आमचा एक पोरगा चाळीसवर पोचलाय,
तुमच्या नाबोरचे नक्की किती?
फलक रंगवायचाय. पेंटर अक्षरावर पैसे घेतो."

अक्षर माझंच.
तीन वर्षं मी केप्याच्या संघात होतो,
म्हणजे बाकावर होतो.
गुडघा गेला तेव्हा कोचने हातात पेन्सिल दिली:
कोणीतरी लिहायला हवं, तू लिही.
छापील रकाने चारच.
तारीख, समोरचं कॉलेज, गोल कोणाचा, कितवं मिनिट.
पाचवा मी फूटपट्टीने आखला
आणि मथळा सुचेना म्हणून लिहिलं:
कोणी दिला.

त्या रकान्यात मोलू वेळीप.
खाली मोलू वेळीप.
मग नुसतंच मोलू, मग दोन टिंबं, म्हणजे वरचाच.

मोलू डोंगरातून पहिल्या बसने यायचा,
बूट गळ्यात, लेस एकमेकींना बांधलेल्या.
चेंडू पायाशी असताना तो बघायचा भलतीकडेच,
कुंपणावरच्या कावळ्याकडे,
सोडावाल्याच्या गाड्याकडे,
बचाववाले पोरगे बिचारे तिकडेच वळायचे
आणि चेंडू नाबोरच्या उजव्या पायापुढे,
वाढून ठेवलेल्या पानासारखा.
नाबोर जेवायचा.
मग शर्ट डोक्यावर, धावत थेट कुंपणापर्यंत,
म्हातारे फुर्ताद शिट्टी घालायचे दोन बोटांनी,
"घाल मरे! घाल!"
तोवर मोलू परत मध्यरेषेवर, मोजे वर ओढत.

शेवटचा सामना फोंड्याला, साखळीच्या पोरांशी.
नाबोरचे चाळीस झालेले.
पुढच्या सोमवारी तो जहाजावर चढणार होता,
भांडी घासायला, पण डॉलरमध्ये.
अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. डावीकडून मोलूचा चेंडू आला
उंच, सावकाश, जरासा वळत.
नाबोर उडाला.
केसालाही लागला नाही त्याच्या.
साखळीच्या पाच नंबरच्या मांडीवर आपटून
गेला आत.

रेफरीने स्वयंगोल दिला. मी दहा हातांवर होतो, मीही पाहिलं.
पण नाबोर, खांद्यांवर चढवलेला, गर्दीच्या वरून
रेफरीकडे नव्हता बघत.
माझ्याकडे बघत होता.
मी लिहिलं: नाबोर फुर्ताद, ८८.
आणि हात सैल सुटलाच होता, तर पुढे: मोलू.

मोलू पाणी प्यायला आला.
वही वाचली. अंगठा जिभेला लावला
आणि स्वतःचं नाव पुसून टाकलं.
नाबोरचं राहू दिलं.
"ताका जाय," म्हणाला. "म्हाका नाका."
बाटलीचं झाकण लावून गेला.

तो डाग अजून आहे. अंगठ्याएवढा, करडा,
रेषासुद्धा दिसतात बघितलं तर.

आज पहिल्यांदाच पाचवा रकाना मोजला.
छत्तीस. डाग धरला नाही.
हा विक्रम आहे का, मला सांगता येणार नाही,
कारण दुसऱ्या कुठल्या कॉलेजात
कोणी ही रेघ आखलेली मला माहीत नाही.
मोलू आता सांग्याला वीजखात्यात आहे,
एकदा खांबावर दिसला होता,
मी खालून हात केला, त्याने बघितलं
भलतीकडेच.

सर पुन्हा फोनवर: "सापडली? किती?"
म्हटलं, सर, एक ओळ वाढवावी लागेल.
मोलू वेळीप, छत्तीस.
"हा कोण?"
मी बोटांवर मोजत होतो. नावाची अक्षरं पाच.
कोणी दिला, चार.
पेंटर आकड्यांचे पैसे घेतो का, ते विचारायला हवं.
नाबोरचे चाळीस की एक्केचाळीस,
ते अजून सांगितलेलं नाही.